प्रबंधाच्या तळटिपा वर्डमध्ये नीट कशा बसवायच्या

मार्गदर्शक तिसऱ्या प्रकरणात दोन संदर्भ वाढवायला सांगतात आणि त्यापुढचे सगळे आकडे हाताने बदलायची वेळ येते. छत्रपती संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर-परभणीचं संशोधन केंद्र, मराठीतून पीएच.डी. करणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. कारण बहुतेक वेळा एकच असतं: आकडा हाताने टाइप करून वर उचललेला असतो, पानाच्या खाली रेघ ओढलेली असते आणि तिच्याखाली टीप लिहिलेली असते. बघणाऱ्याला ती तळटीप वाटते, पण वर्डच्या लेखी तो साधा मजकूर असतो. वर एक ओळ वाढली की टीप पुढच्या पानावर जाते आणि आकडा मागेच राहतो.

पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानापासून खालच्या क्रमाने गेलात तर हे टळतं. अर्धा प्रबंध झाला असेल तर आधी पायरी ८ वाचा. सूचना मुख्यतः विंडोजवरच्या वर्डसाठी आहेत. लिबरऑफिस रायटरमध्ये जिथे वाट वेगळी आहे तिथे ती सांगितली आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- वर्ड २०१० किंवा त्यानंतरची आवृत्ती, नाहीतर लिबरऑफिस (ते फुकट मिळतं आणि प्रबंधाला पुरतं). दोन्हींपैकी एकच धरा. एकच फाइल आज यात, उद्या त्यात उघडत राहिलात तर टिपांची मांडणी हळूहळू बिघडते.
- युनिकोड मराठी कीबोर्ड. विंडोज १० आणि ११ मध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही मिळतात, फक्त भाषांच्या सेटिंगमधून जोडून घ्यावे लागतात.
- एक युनिकोड फॉन्ट. मंगल किंवा निर्मला यूआय विंडोजमध्ये असतोच. छापील पानाला बरा दिसणारा फॉन्ट हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी किंवा नोटो सेरिफ देवनागरी, दोन्ही फुकट.
- विद्यापीठाचं प्रबंधाच्या मांडणीबद्दलचं परिपत्रक: समास, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर.
- तुमच्याच विभागात नुकताच मान्य झालेला एक प्रबंध. टिपा पानाच्या तळाशी आहेत की प्रकरणाच्या शेवटी, आकडे देवनागरी आहेत की इंग्रजी, हे त्यातून दिसतं.
- मार्गदर्शकांची पसंती, आणि तीही आधी विचारून घेतलेली. परिपत्रक गप्प असतं तिथे शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

१. फाइल युनिकोडमध्ये आहे का ते तपासा

फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर फाइल कृतिदेव, श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये आहे. आपल्याकडच्या टायपिंग सेंटरांत अजूनही बरंच काम असं होतं, कारण ऑपरेटरांचा हात रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या कळमांडणीवर बसलेला आहे. त्यांच्या वेगाबद्दल तक्रार नाही. पण असा प्रबंध शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर) चढला की त्यातला एकही मराठी शब्द शोधून सापडत नाही.

टिपांच्या बाबतीत यातून आणखी एक अडचण उभी राहते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी बहुतेक साधनं फक्त साधा मजकूर घेतात. पूर्ण प्रकरण कॉपी करून त्या चौकटीत टाकलं की मजकूर रूपांतरित होऊन येतो आणि टिपा गायब होतात, त्यांच्या खुणांसकट. म्हणून रूपांतर असं करा:

- आधी जुन्या फाइलची पीडीएफ काढून बाजूला ठेवा. कुठली टीप कुठल्या शब्दावर होती याचा तोच पुरावा.
- मुख्य मजकूर वेगळा रूपांतरित करा.
- मग कुठल्याही एका टिपेत क्लिक करून कंट्रोल + ए दाबा. टिपेच्या आत असताना फक्त टिपांचा मजकूर निवडला जातो. तो कॉपी करून वेगळा रूपांतरित करा.
- नव्या फाइलमध्ये पीडीएफ बघत एकेक टीप पायरी ३ प्रमाणे पुन्हा बसवा.

रूपांतरानंतर ‘ऱ्या’, ‘ष्ट्र’, रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच होतात. ‘महाराष्ट्र’ आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हे दोन शब्द फाइलभर शोधलेत तरी रूपांतर कितपत नीट झालं ते समजतं.

नवं काम टायपिंगला देत असाल तर दोन अटी आधीच घाला: मजकूर युनिकोडमध्ये हवा आणि टिपा ‘इन्सर्ट फूटनोट’नेच टाकलेल्या हव्यात. पैसे देण्याआधी कुठल्याही आकड्यावर माउस नेऊन थांबा. खऱ्या टिपेचा मजकूर छोट्या चौकटीत वर तरंगतो. काहीच दिसलं नाही तर आकडा हाताने टाकलेला आहे.

२. वर्डमध्ये मराठी जोडा

फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन मराठी भाषा जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे टिपेच्या अक्षराचा आकार का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसतात. भाषा जोडल्यावर फॉन्टच्या चौकटीत ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन कप्पे दिसतात. देवनागरी अक्षराचा फॉन्ट आणि आकार दुसऱ्या कप्प्यातून ठरतो.

लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेज सेटिंग्ज (नव्या आवृत्तीत ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’) इथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून भाषा मराठी निवडा. तिथे हाच कप्पा ‘सीटीएल फॉन्ट’ नावाने येतो.

३. पहिली टीप टाका

- कर्सर जिथे आकडा हवा तिथे ठेवा. टीप पूर्ण वाक्याबद्दल असेल तर पूर्णविरामानंतर, अवतरण असेल तर अवतरणचिन्ह बंद झाल्यावर, एखाद्या शब्दापुरती असेल तर त्या शब्दाला लागून. आकड्याआधी जागा सोडू नका, नाहीतर ओळ संपते तिथे आकडा एकटाच पुढच्या ओळीत जातो.
- रेफरन्सेस या टॅबमध्ये ‘इन्सर्ट फूटनोट’ दाबा, किंवा कीबोर्डवरून कंट्रोल + ऑल्ट + एफ. मराठी कीबोर्ड चालू असताना ही जोडी लागली नाही तर विंडोज + स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि पुन्हा दाबा.
- कर्सर आपोआप खाली टिपेत जातो. टीप लिहा.
- टिपेतल्या आकड्यावर डबल क्लिक केलं की मजकुरात परत येता. मजकुरातल्या आकड्यावर डबल क्लिक केलं की टिपेत जाता.

लिबरऑफिसमध्ये इन्सर्ट, फूटनोट अँड एंडनोट, फूटनोट. टिपेतून मजकुरात परत यायला पेज अप.

टीप काढायची असेल तर मजकुरातला आकडा निवडून डिलीट करा. टीप आपोआप जाते आणि पुढचे आकडे सरकतात. खालचा नुसता मजकूर खोडलात तर रिकामी टीप तिथेच राहते. परीक्षकाच्या नजरेला ती हमखास पडते.

४. टिपेचं रूप एकाच जागी ठरवा

प्रत्येक टीप निवडून आकार बदलत बसू नका. वर्डमध्ये सगळ्या टिपांचं रूप ‘फूटनोट टेक्स्ट’ नावाच्या एका शैलीत साठवलेलं असतं. टिपेत कुठेही उजवं क्लिक करा, ‘स्टाइल’ निवडा, ‘फूटनोट टेक्स्ट’वर असताना ‘मॉडिफाय’ दाबा, मग खाली फॉरमॅट, फॉन्ट.

इथे दोन्ही कप्पे भरा. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: वरच्या कप्प्यात आकार १२ केला, ओके दाबलं, मराठी मजकूर होता तेवढाच राहिला, पण टिपेतली इंग्रजी नावं मात्र मोठी झाली. मग मराठी मजकूर हाताने निवडून मोठा केला जातो आणि पुढची प्रत्येक नवी टीप पुन्हा लहानच येते. वर्डचा टिपेचा मूळ आकार १० असतो. इंग्रजीला तो चालतो, पण देवनागरीत मात्रा, रफार आणि उकार यांच्यामुळे १० ला अक्षर दाटतं आणि झेरॉक्सवर तर वाचवत नाही. परिपत्रकात काही सांगितलेलं नसेल तर:

- मुख्य मजकूर: देवनागरी १४, इंग्रजी १२, ओळींमधलं अंतर दीड
- टीप: देवनागरी ११ किंवा १२, इंग्रजी १०, अंतर एकेरी
- दोन टिपांमध्ये ३ पॉइंट जागा
- पहिल्या ओळीची सरक (इंडेंट) शून्य

ओळींच्या अंतरात ‘एक्झॅक्टली’ कधीच निवडू नका. त्याने देवनागरीच्या वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. शिवाय टिपा विनाकारण पुढच्या पानावर सरकायचं हेही एक कारण असतं. ‘सिंगल’ किंवा ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवा.

मजकुरातल्या आकड्याचं रूप ‘फूटनोट रेफरन्स’ या वेगळ्या शैलीत असतं. आकडे कुठे वर, कुठे ओळीतच बसलेले दिसत असतील तर ते एकेक करून सुधारू नका. शोधा-बदलाच्या (फाइंड अँड रिप्लेस) चौकटीत, शोधायच्या जागी कॅरेटचं चिन्ह (^) आणि त्याला लागून इंग्रजी लहान एफ लिहा. वर्डच्या भाषेत याचा अर्थ ‘कुठलीही तळटीप-खूण’. बदलायच्या जागी कॅरेट आणि त्यापुढे अँडचं चिन्ह (^&) लिहून, फॉरमॅटमधून स्टाइल ‘फूटनोट रेफरन्स’ निवडा आणि सगळे बदला.

लिबरऑफिसमध्ये टिपेच्या परिच्छेदाची शैली ‘फूटनोट’, आणि आकड्यांच्या दोन: मजकुरातल्यासाठी ‘फूटनोट अँकर’, खालच्यासाठी ‘फूटनोट कॅरेक्टर्स’.

आता टिपांच्या वरची रेघ. ती कधी उजवीकडे सरकलेली दिसते, कधी तिच्यावर-खाली मोठी पोकळी पडते. कारण असं की ती रेघ ‘नॉर्मल’ शैली उचलते आणि तुम्ही नॉर्मलला दीडचं अंतर आणि पहिल्या ओळीची सरक दिलेली असते. साध्या दृश्यात ती रेघ निवडताच येत नाही. व्ह्यू मधून ‘ड्राफ्ट’ निवडा, मग रेफरन्सेसमध्ये ‘शो नोट्स’. खाली एक पट्टी उघडते. तिच्या यादीतून ‘फूटनोट सेपरेटर’ निवडा, रेघेवर क्लिक करून सरक शून्य आणि अंतर एकेरी करा. त्याच यादीत ‘फूटनोट कंटिन्युएशन सेपरेटर’ आहे. टीप पुढच्या पानावर चालू राहते तेव्हा लागणारी लांब रेघ ती. तिलाही तेच करा. लिबरऑफिसमध्ये हे सगळं पेज स्टाइलच्या ‘फूटनोट’ टॅबमध्ये, समोरच.

५. आकडे: देवनागरी की इंग्रजी, सलग की प्रकरणवार

रेफरन्सेस टॅबमध्ये फूटनोट गटाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो. तो दाबला की टिपांची मुख्य चौकट उघडते. ‘नंबर फॉरमॅट’च्या यादीतून देवनागरी १, २, ३ निवडा. नुसती मराठी जोडून ते दिसले नाहीत तर पायरी २ प्रमाणे हिंदीही जोडा. टिपांना देवनागरी आकडे दिलेत तर पृष्ठांकांनाही द्या. पान 112 आणि टीप ३५ असं धेडगुजरी नको. काही जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी आकड्याच्या जागीच देवनागरी आकड्याचं चित्र बसवलेलं असतं. त्यामुळे युनिकोडमध्ये आल्यावर सगळे आकडे अचानक इंग्रजी दिसू लागतात. बिघाड झालेला नसतो, फक्त हे एक सेटिंग बदलायचं असतं.

प्रत्येक प्रकरणात टिपा १ पासून सुरू करायच्या तर:

- प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लेआउट, ब्रेक्स मधून ‘सेक्शन ब्रेक: नेक्स्ट पेज’ टाका. साधा पेज ब्रेक चालत नाही.
- त्याच चौकटीत ‘नंबरिंग’ पुढे ‘रीस्टार्ट इच सेक्शन’ निवडा.
- खाली ‘अप्लाय चेंजेस टू’ समोर ‘होल डॉक्युमेंट’ निवडा. हे विसरलात तर बदल एकाच प्रकरणापुरता होतो.

यातला खरा सापळा म्हणजे आडवं पान. प्रकरणात तालुकावार पर्जन्यमानाचा किंवा गावनिहाय सर्वेक्षणाचा रुंद तक्ता असतो, त्याच्यासाठी एक पान आडवं करता, आणि त्या पानाच्या आधी व नंतर सेक्शन ब्रेक येतात. एका प्रकरणाचे तीन सेक्शन झाले. आता तक्त्याच्या पानावर टीप १, आणि त्यानंतर पुन्हा १. उपाय: आडव्या पानात क्लिक करा, टिपांच्या चौकटीत ‘कंटिन्युअस’ निवडा, ‘अप्लाय चेंजेस टू’ समोर ‘धिस सेक्शन’. तक्त्यानंतरच्या भागातही तेच करा. हे शेवटी करा, कारण नंतर एखादा ब्रेक खोडला गेला की त्या भागाचं सेटिंगही हरवतं.

लिबरऑफिसमध्ये टूल्स मधल्या फूटनोट-एंडनोट सेटिंगमध्ये ‘काउंटिंग: पर चॅप्टर’ निवडलं की झालं, फक्त प्रकरणाच्या शीर्षकाला ‘हेडिंग १’ शैली दिलेली हवी. आडव्या पानाचा त्रास तिथे होत नाही. या एका बाबतीत लिबरऑफिस वर्डच्या पुढे आहे.

६. टिपा प्रकरणाच्या शेवटी हव्या असतील तर

मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांत ‘संदर्भ व टिपा’ प्रकरणाच्या शेवटी देण्याची पद्धत बरीच आहे. त्या अंत्यटिपा. अनेक जण त्या हातानेच लिहितात, कारण वर्डची अंत्यटीप पूर्ण प्रबंधाच्या शेवटी जाऊन बसते असा समज आहे. टिपांच्या चौकटीत ‘एंडनोट्स’ समोर ‘एंड ऑफ सेक्शन’ निवडलं की ती प्रकरणाच्या शेवटी येते. आकड्यांचा मूळ प्रकार छोटे रोमन असतो, तो बदलून घ्या. तळटिपा आधीच टाकल्या असतील तर त्याच चौकटीतलं ‘कन्व्हर्ट’ बटण एका फटक्यात त्यांच्या अंत्यटिपा करतं. मार्गदर्शकांचं मत बदललं तर उलटही करतं.

‘संदर्भ व टिपा’ हे शीर्षक प्रकरणाची शेवटची ओळ म्हणून, सेक्शन ब्रेकच्या अगदी आधी लिहा. त्यानंतर निष्कर्षाचा एखादा परिच्छेद राहिला तर तो शीर्षक आणि टिपा यांच्या मध्ये अडकतो.

आडव्या पानाचा सापळा इथेही आहे: तक्त्याच्या आधीच, प्रकरणाच्या मध्यावर, तोपर्यंतच्या सगळ्या अंत्यटिपा छापल्या जातात. त्यावर ‘सप्रेस एंडनोट्स’ नावाची खूण आहे. तक्त्याआधीच्या भागात कर्सर ठेवून पेज सेटअपच्या ‘लेआउट’ टॅबमध्ये ती लावा, मग आडव्या पानाच्या भागातही. टिपा पुढे ढकलल्या जातात आणि प्रकरणाच्या शेवटच्या भागात एकत्र येतात.

लिबरऑफिसमध्ये यासाठी प्रत्येक प्रकरण ‘सेक्शन’मध्ये घालावं लागतं. त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘कलेक्ट अ‍ॅट एंड ऑफ सेक्शन’ आणि ‘रीस्टार्ट नंबरिंग’ अशा दोन खुणा आहेत.

७. ‘तत्रैव’, ‘उनि’ आणि तोच संदर्भ पुन्हा

आकडे यंत्र सांभाळतं, ‘तत्रैव’ (म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ) मात्र सांभाळत नाही. टीप १४ मध्ये एका ग्रंथाचा पूर्ण संदर्भ आहे, १५ मध्ये ‘तत्रैव, पृ. ५२’. मार्गदर्शकांनी मध्ये एक नवा संदर्भ घालायला सांगितला. तो १५ झाला, तुमचं ‘तत्रैव’ १६ वर गेलं आणि आता ते भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतंय. वर्ड याबद्दल चकार शब्द काढत नाही. तोंडी परीक्षेत हे निघालं तर उत्तर देणं अवघड जातं.

म्हणून प्रबंध पूर्ण होईपर्यंत ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे मागे कुठेतरी दिलेला ग्रंथ) लिहूच नका. प्रत्येक टिपेत आडनाव, ग्रंथाचं आखूड नाव आणि पृष्ठ इतकं लिहा. शेवटचा खर्डा मंजूर झाला, टिपांची जागा पक्की झाली, की मग एका बैठकीत जिथे लागोपाठ तोच ग्रंथ आहे तिथे ‘तत्रैव’ करा. खरं तर आखूड नावाचीच पद्धत ठेवावी. वाचकाला ‘उनि’ बघून मागची वीस पानं चाळायला लावण्यात कुणाचंच भलं नाही. पण विभागाची रीत असेल तर ती पाळा.

‘पाहा, टीप २३’ असं लिहायचं असेल तर २३ हाताने टाइप करू नका. रेफरन्सेसमध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’, प्रकार ‘फूटनोट’, यादीतून हवी ती टीप निवडून घाला. हा आकडा पुढे टिपा वाढल्या की लगेच बदलत नाही. कंट्रोल + ए आणि मग एफ ९ दाबावं लागतं. आणि मजकुरात उभं राहून कंट्रोल + ए केलं तर टिपांच्या आतले असे आकडे निवडले जात नाहीत. एकदा मजकुरात आणि एकदा कुठल्याही टिपेत क्लिक करून, असं दोनदा करा.

उर्दू, मोडी आणि फसली सन

मराठवाड्याच्या इतिहासावर काम करणाऱ्यांची ही वेगळी अडचण. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा दप्तर बरंचसं उर्दूत आणि तारखा फसली या महसुली सनात. टिपेत फसली सन जसा कागदावर आहे तसाच द्या आणि पुढे कंसात इसवी सन: फसली १३५७ (इ.स. १९४७-४८). दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. पण फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं, म्हणून महिना ठाऊक नसेल तर दोन्ही इसवी वर्षं लिहा. नुसतं बदलून इसवी सन दिलात तर पुढच्या संशोधकाला ती फाइल अभिलेखागारात मागता येणार नाही.

उर्दू मूळ शीर्षक द्यायचंच असेल तर ते टिपेच्या शेवटी द्या, त्याआधी देवनागरी लिप्यंतर. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तिला लागून फाइल क्रमांक किंवा पृष्ठांक इंग्रजी आकड्यांत आला की तो आकडा उर्दूच्या डाव्या बाजूला उडी मारतो आणि क्रम उलटासुलटा दिसतो. टायपिंगची चूक समजून तुम्ही तो पुन्हा लिहाल, तो पुन्हा उडी मारेल. शेवटी ठेवलं की उडी मारायला पुढे काही उरत नाही. मध्येच ठेवणं भाग असेल तर लिबरऑफिसमध्ये इन्सर्ट, फॉरमॅटिंग मार्क मधून डावीकडून-उजवीकडे जाणारी अदृश्य खूण उर्दू शब्दांनंतर घाला.

आणखी एक: वर्डमध्ये उर्दू आणि देवनागरी दोन्ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या एकाच कप्प्यातून फॉन्ट घेतात. उर्दू शब्दांना फॉन्ट वेगळा निवडून द्यावा लागतो, आणि तो नस्तालीक नको. नस्तालीकची अक्षरं तिरकी खाली उतरतात, ओळीची उंची वाढते आणि चार ओळींची टीप अर्धं पान खाते. टिपेत नस्ख वळणाचा फॉन्ट वापरा.

मोडी कागदाचा मजकूर टिपेत देवनागरीतच द्या आणि ‘मूळ मोडी’ अशी नोंद करा.

८. हाताने टाकलेल्या जुन्या टिपा खऱ्या करणं

काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

- फाइलची प्रत काढा, मूळ तशीच ठेवा.
- प्रकरणाच्या सुरुवातीपासून निघा. हाताने टाकलेल्या १ च्या उजवीकडे कर्सर ठेवून खरी टीप घाला. खालचा जुना मजकूर कापून तिच्यात चिकटवा. जुना आकडा आणि जुनी रेघ खोडा.
- पुढे जाताना नवा आकडा आणि जुना आकडा जुळतो का बघा. नवीन ७ आणि जुना ८ दिसला तर मध्ये एक टीप सुटलीय, किंवा जुन्यातच घोटाळा होता. तिथेच थांबून सोडवा. पुढे गेलात तर सापडणार नाही.
- टिपेत चिकटवताना ‘टेक्स्ट ओन्ली’ निवडा, म्हणजे जुना आकार सोबत येणार नाही.

९. प्रकरणं एकत्र करणं

वेगवेगळ्या फाइलींतली प्रकरणं जोडताना उलटा नियम: ‘टेक्स्ट ओन्ली’ अजिबात नको, त्याने सगळ्या टिपा जातात. इन्सर्ट टॅबमध्ये ऑब्जेक्टच्या बाणाखाली ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ आहे, त्याने फाइल टिपांसकट आत येते. जोडण्याआधी प्रत्येक प्रकरणाच्या टिपा मोजून ठेवा आणि नंतर ताडून बघा.

गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर तिथल्या टिपा वर्ड फाइल म्हणून उतरवल्यावर खऱ्या टिपाच राहतात. पण प्रकरणवार क्रमांक तिथे मिळत नाही. तेवढं वर्डमध्ये आणून करा.

१०. नेहमी अडणाऱ्या बारीक गोष्टी

टीप घालायचं बटण फिकट पडलंय: कर्सर टेक्स्ट बॉक्समध्ये, पानाच्या शीर्षपट्टीत किंवा कॉमेंटमध्ये आहे. तिथे वर्ड टीप घालू देत नाही. टेक्स्ट बॉक्सऐवजी एका चौकटीचा तक्ता वापरा.

आकडे मध्येच गळलेले दिसतात: ट्रॅक चेंजेस चालू आहे आणि मार्गदर्शकांनी खोडलेली टीप अजून स्वीकारलेली नाही. बदल स्वीकारा.

टीप अर्धी या पानावर, अर्धी पुढच्या: ती फार लांब आहे. टीप सात-आठ ओळींच्या पुढे गेली तर बहुधा ती मजकुरात किंवा परिशिष्टात जायला हवी.

आकडा एका पानावर, टीप दुसऱ्यावर: त्या ओळीला ‘कीप विथ नेक्स्ट’ लागलंय का, किंवा ती तक्त्याच्या न तुटणाऱ्या ओळीत आहे का, ते बघा.

११. पीडीएफ आणि छपाई

एंटर दाबून टिपा खाली ढकलण्याचा मोह शेवटच्या रात्री सगळ्यांनाच होतो. एकही एंटर मारू नका. आधी एफ ९ ने अनुक्रमणिका आणि क्रॉस-रेफरन्स ताजे करा, मग ‘सेव्ह अ‍ॅज’ मधून पीडीएफ काढा. शोधगंगेसाठी प्रकरणवार पीडीएफ लागतात. त्या वर्ड फाइल तोडून काढू नका, पृष्ठांक आणि टिपांचे आकडे दोन्ही बदलतील. पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये पानांची मर्यादा देता येते, तशा एकेक प्रकरणाच्या काढा.

छपाई-बाइंडिंगच्या दुकानात पेन ड्राइव्हवर फक्त पीडीएफ न्या. वर्ड फाइल दिलीत तर तिथल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, वर्डची आवृत्ती वेगळी असते, पानागणिक एक-दोन ओळी सरकतात आणि टिपा एका पानावरून दुसऱ्यावर जातात. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक मात्र तेच राहतात. पाच प्रतींचं हार्ड बाइंडिंग होऊन सोनेरी अक्षरं चढल्यावर हे लक्षात येतं. म्हणून पहिली प्रत निघाली की बाइंडिंगला देण्याआधी तिथेच उभं राहून प्रत्येक प्रकरणाचं पहिलं पान, आडव्या तक्त्यानंतरचं पान आणि शेवटची टीप घरच्या पीडीएफशी ताडून घ्या.